बंबखान्यातून बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग

बंबखाना मिळण्याची शक्यता आहे हे कळलं, त्याच दिवशी सरांनी पहिली चूक केली. ती बातमी त्यांनी जिन्यात सांगितली.

जिन्यात सांगितलेली गोष्ट आपली राहत नाही, ती चारही मजल्यांची मालमत्ता होते. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांपासून गच्चीखाली राहणाऱ्या विमा एजंटापर्यंत प्रत्येकाचा तिच्यात वाटा असतो आणि तो वाटा सल्ल्याच्या रूपाने द्यावा लागतो. द्यावा म्हणजे त्यांनी. आपण फक्त घ्यायचा.

"बंबखाना घेताय? छानच," डॉक्टर म्हणाले. "पण दवाखाना काढा. तुमची क्लासची मुलं काय, आज येतील, उद्या मोठी होतील. दात किडायचे थांबत नाहीत."

"पाया बघून घ्या," विमा एजंट म्हणाला. "आणि स्वतःचाही एकदा बघून घ्या. या वयात पॉलिसी जरा महाग पडेल, पण मिळेल."

सोसायटीचे सेक्रेटरी मात्र खूश झाले. "घ्याच सर," ते म्हणाले. "महिनाअखेर लक्षात आहे ना?"

लक्षात नसायला काय झालं? सर संध्याकाळी आसपासच्या मुलांना फुकट गणित शिकवत. घरात जागा नव्हती, म्हणून जिन्यात शिकवत. एकेका पायरीवर एकेक इयत्ता बसे. सोय अशी की मूल पास झालं की एक पायरी वर सरकायचं. गैरसोय अशी की वरच्या मजल्यावरच्या मंडळींना घरी जायचं तर सगळ्या इयत्ता ओलांडून जावं लागायचं. सेक्रेटरींनी शेवटी फर्मान काढलं: महिनाअखेर जिना मोकळा. त्यांचा स्वतःचा नातू तिसऱ्या पायरीवर बसायचा, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

पायऱ्यांवर सगळ्यात खाली शिंप्याची धाकटी बसायची. ही मुलगी वर्गात कधी बोललीच नव्हती. प्रश्न विचारला की ती पायाच्या अंगठ्याकडे बघायची, जणू उत्तर त्याने द्यायचं आहे. सर वाट बघायचे. ते वाट बघण्यात पटाईत होते. अपूर्णांक शिकवणाऱ्या माणसाला दुसरं काही आलं नाही तरी हे यावंच लागतं. पण शिंपी म्हणायचा, "सर, हिच्या डोक्यात शिरत नाही ते. क्लास बंद झाला तर झाला. संध्याकाळी दुकानात बसेल, बटणं लावेल." आणि सरांना रात्रंदिवस त्या बटणांचीच काळजी लागून राहिली होती.

आता बंबखाना म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, कारण हल्लीच्या मुलांना तो शब्द ठाऊक नसतो. आगीचे बंब जिथे उभे असायचे तो बंबखाना. शहराच्या अगदी मध्यावर, लाल विटांचा, हत्ती डोक्यावर छत्री धरून आत जाईल एवढ्या उंच कमानींचा. खाली बंब, वर जवानांचं झोपायचं लांबरुंद दालन. रात्री घंटा झाली की जिना उतरण्याएवढा वेळ कुठला? म्हणून वरच्या जमिनीला एक गोल भोक, त्याभोवती कठडा, कठड्याला छोटं फाटक आणि भोकातून थेट खाली जाणारा पितळी खांब. फाटक उघडायचं, खांबाला बिलगायचं आणि सुर्रकन बंबाशेजारी.

पुढे मध्यवस्तीतले रस्ते गाड्यांनी इतके भरून गेले की बंबाला स्वतःच्याच दारातून बाहेर पडता येईना. एकदा तर समोरच्याच दुकानाला आग लागली. बंब वळून रस्त्यावर येईपर्यंत दुकानदाराने आग बादल्यांनी विझवली, हात पुसले आणि जवानांना चहा विचारला. त्यानंतर दल शहराबाहेरच्या रुंद रस्त्यावर गेलं. बाकीच्या कचेऱ्याही एकेक करून तिकडे गेल्या आणि मध्यवस्तीत नुसत्या देखण्या, रिकाम्या इमारती उरल्या. जुन्या खजिन्यात जोड्यांचं दुकान निघालं; तिजोरीच्या खोलीत आता लोक बूट घालून बघतात. जुन्या कोर्टात व्यायामशाळा झाली. जिथे पूर्वी सक्तमजुरी सुनावली जायची, तिथे आता लोक वर्गणी भरून सक्तमजुरी करतात. बंबखान्याला मात्र वाली मिळेना. मग महापालिकेने जाहीर केलं की ज्या नागरिकाला चांगला उपयोग सुचेल त्याने पुढे यावं, नाही तर तिथे गाड्यांचा तळ होईल.

सर पुढे आले. एकटेच आले, त्यामुळे निवडही त्यांचीच झाली.

पहिली भेट वारसा विभागातल्या मॅडमशी. वयाने सरांच्या मुलीएवढ्या, पण इमारतीबद्दल बोलायला लागल्या की सासूसारख्या.

"सर, वर्ग भरवायला आमची हरकत नाही. फक्त काही बदलायचं नाही, काही काढायचं नाही, काही लावायचं नाही."

"फळा लावायला एक खिळा?"

"एकही नाही. ही भिंत तुमच्या आजोबांच्या आधीची आहे."

"आजोबांच्या भिंतीतसुद्धा खिळा होता हो. त्यावर ते स्वतः टांगलेले होते."

मॅडम हसल्या नाहीत. सरांना वाईट वाटलं. वर्गात हा विनोद नेहमी पिकायचा. अर्थात वर्गात हसलं नाही तर गृहपाठ वाढायचा, हा मुद्दा त्यांच्या तेव्हा ध्यानात आला नाही.

दुसरी भेट अग्निशमन दलाच्या साहेबांशी. मुलांचा वर्ग भरणार म्हणजे आगीपासून सुरक्षित असल्याचा दाखला हवा. सर बेफिकीर होते. बंबखान्याला आगीचा दाखला म्हणजे माशाला पोहण्याचा दाखला. साहेबांनी वरचं दालन फिरून पाहिलं, जिना मोजला आणि विचारलं, "दुसरा जिना कुठे आहे?"

"दुसरा नाही. एकच आहे."

"मग दाखला नाही. बाहेर पडायला दोन मार्ग लागतात."

"अहो साहेब, हा तुमचाच बंबखाना!"

"म्हणूनच सांगतो. आगीच्या दृष्टीने ही इमारत फार धोक्याची आहे."

"तुमची माणसं इथे वर्षानुवर्षं झोपली!"

"ती आग विझवणारी होती," साहेब म्हणाले आणि खाली खेळणाऱ्या सरांच्या विद्यार्थ्यांकडे बघून पुढे म्हणाले, "ही लावणारी वाटतात."

सर मॅडमकडे गेले: दुसरा जिना बांधू द्या. मॅडम म्हणाल्या, जिना म्हणजे बदल, बदल चालणार नाही. सर साहेबांकडे गेले: बदल चालत नाही. साहेब म्हणाले, मग आग चालेल का? दोन्ही कचेऱ्या एकाच इमारतीत, एका लांबलचक व्हरांड्याच्या दोन टोकांना होत्या, ही त्यातल्या त्यात देवाची कृपा. सर इतक्या वेळा इकडून तिकडे गेले की व्हरांड्यातला शिपाई त्यांना बघून दिशा सांगायचा: "आता तिकडे ना?" आणि सरांना विचार करून सांगावं लागायचं.

"तुम्ही जाता कशाला सारखे?" सरांच्या पत्नीने विचारलं. सगळी मुलं त्यांना काकू म्हणत. त्या हॉस्पिटलात नर्स होत्या आणि आयुष्यभर घाबरलेल्या माणसांना इंजेक्शनं दिल्यामुळे त्यांचं बोलणं थोडक्यात आणि नेमकं लागायचं.

"मार्ग शोधतोय."

"दोन लागतात म्हणालात ना? तुम्हाला एक सापडेना."

हे लागलं. सरांनी चहा बाजूला सारला आणि आयुष्यभर मुलांना जे सांगितलं ते स्वतः करायचं ठरवलं: रडत बसू नका, उदाहरण मांडा. दिलेलं काय आहे? सिद्ध काय करायचंय? आणि मांडता मांडता सरांना ते उत्तर दिसलं, ज्याच्याकडे ते कितीतरी दिवस कठड्यावर रेलून वाकून बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना आणि साहेबांना व्हरांड्याच्या बरोबर मध्यावर उभं केलं. खिशातून खडू काढला, पण मॅडमच्या नजरेने तो परत आत गेला. मग तोंडीच सुरुवात केली.

"समजा, वरच्या दालनातून बाहेर पडायचा एक मार्ग जिना. मान्य? आता जवान घंटा झाल्यावर कुठून उतरत? खांबावरून. म्हणजे खांब हा मार्ग आहे. मान्य? खांब मुळापासून तिथेच आहे, म्हणजे बदल नाही. मान्य, मॅडम? जिना एक, खांब दोन. एकूण मार्ग दोन. हेच सिद्ध करायचं होतं."

मॅडमच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. शिपायानेही मान डोलावली. सरांना वाटलं, उगाच निवृत्त झालो.

साहेब विचारात पडले. मग म्हणाले, "सर, तुमचं बरोबर आहे."

हे वाक्य इथेच संपलं असतं तर ही गोष्टही इथेच संपली असती.

"फक्त नियम असा आहे की जो मार्ग म्हणून दाखवायचा, तो मजल्यावर रोज असणाऱ्या प्रत्येकाला वापरता आला पाहिजे. म्हणजे सगळ्यात लहानाने आणि सगळ्यात म्हाताऱ्या माणसाने प्रात्यक्षिक द्यायचं. लहान मुलं आहेतच. म्हातारं कोण?"

सरांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

इतकं बिनचूक उदाहरण सरांनी उभ्या आयुष्यात सोडवलं नव्हतं, आणि त्याचं उत्तर ते स्वतः निघाले होते.

प्रात्यक्षिकाची तारीख महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली ठरली. सराव करायला परवानगी मिळाली. एका दुपारी दलाचा एक जवान येऊन दाखवून गेला: पाय असे गुंडाळायचे, हात असे ठेवायचे, पकड थोडी सैल, की आपोआप खाली. खाली जाड गादी अंथरलेली. मुलांनी ते बघितलं आणि तासाभरात सगळी खांबावरून अशी वाहायला लागली, जणू वर एक नळ आहे आणि तो कोणीतरी सोडून ठेवलाय. मॅडमसुद्धा एकदा उतरल्या. "तपासणीचा भाग म्हणून," त्या म्हणाल्या. तपासणीचा तो भाग त्यांनी आणखी दोनदा केला.

सरांनी खाली फळ्यावर घर्षण समजावून सांगितलं. पकड घट्ट तर वेग कमी, पकड सैल तर वेग जास्त. आकृती फार सुरेख आली होती. आकृतीतला माणूस हसत होता.

"आता तुम्ही," काकू म्हणाल्या.

"आज नको. घसा धरलाय."

"घशाने कुठे उतरायचंय?"

दुसऱ्या दिवशी सरांचा गुडघा दुखला. तिसऱ्या दिवशी चष्म्याची काडी सैल झाली. चौथ्या दिवशी ते फाटकापर्यंत गेले, वाकून खाली पाहिलं आणि मुलांना म्हणाले की वर्तुळाचा विषय आपण नीट केलेला नाही, तो आधी करू. मुलं मुकाट्याने बसली. शिंप्याची धाकटी तेवढी सरांच्या पायांकडे बघत राहिली. सरांच्या लक्षात आलं, आपण स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत उभे आहोत.

जिन्यात तोवर सल्ल्यांना ऊत आला होता. डॉक्टर म्हणाले, उतरताना तोंड मिटलेलं ठेवा, जीभ चावली जाते. विमा एजंटाने नव्या पॉलिसीचा विषय काढला आणि प्रात्यक्षिकाची बातमी ऐकून परत आत घातला. सेक्रेटरींनी विचारलं, "जमेल ना सर? नाहीतर सांगा, मी मुलांच्या आईबापांना आत्ताच कळवतो." शिंप्याने मात्र दुकानात धाकटीसाठी एक लहान स्टूल आणून ठेवलं, असं कळलं.

त्या स्टुलाने सरांना फाटकाशी नेलं, हे खरं.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी बंबखान्याच्या कमानीखाली अख्खा जिना जमला होता. साहेब हातात घड्याळ घेऊन, मॅडम खांबावर कोणी ओरखडा काढत नाही ना हे बघायला, शिंपी गळ्यात टेप घालून मुलीला घेऊन जायला. सरांनी कोट घातला होता. निवृत्तीच्या समारंभात घातलेलाच. काकू म्हणाल्या, कोट काढा, अडकेल. सर म्हणाले, सरकारी काम आहे, असं कसं जाणार?

सगळ्यात लहान विद्यार्थी आधी उतरला. साहेबांनी घड्याळाचं बटण दाबायच्या आत तो खाली येऊन गादीवर कोलांटी मारून मोकळा झाला.

मग सर. त्यांनी फाटक उघडलं, खांबाला मिठी मारली, पाय गुंडाळले, डोळे मिटले आणि निघाले. थोडं अंतर मोठ्या डौलात आले. मग घर्षणाचा सिद्धान्त त्यांना फार प्रकर्षाने आठवला आणि त्यांनी पकड घट्ट केली. सिद्धान्त बरोबर होता. सर जागच्या जागी थांबले.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"काही नाही," वरून आवाज आला. "बघतोय."

"डोळे मिटून?"

कोट वर सरकून सरांच्या कानांपर्यंत आला होता, त्यामुळे ते कोटातून बाहेर बघणाऱ्या कासवासारखे दिसत होते. खालून मदत सुरू झाली.

"हात सोडा सर!"

"हात नको, पाय सोडा!"

"सर, तोंड मिटा!" हे डॉक्टर.

"सोसायटीचा याच्याशी काही संबंध नाही, हे लिहून घ्या," हे सेक्रेटरी.

"अहो, येताय ना?" काकू म्हणाल्या. "का जेवण वर पाठवू?"

सरांना वर जाता येईना, खाली येता येईना. अंगातला मानी माणूस कोटाबरोबर कानापर्यंत गोळा झाला होता. अशा वेळी माणूस जे येतं ते करतो. सरांना एकच गोष्ट यायची.

"मुलांनो," ते खांबावरूनच म्हणाले, "इकडे लक्ष द्या. हा खांब म्हणजे एक पूर्ण. त्याला दोन ठिकाणी जोड आहेत, त्यामुळे त्याचे तीन सारखे भाग झालेत. मी कुठे आहे?"

"पहिल्या जोडावर!"

"म्हणजे किती आलो?"

"अर्धे!" "पाव!"

"अंदाज नको. तीन भागांपैकी एक. एक तृतीयांश. मग खाली यायला अजून किती उरलं?"

"तीन!" सेक्रेटरींचा नातू ओरडला.

"एक!"

"सर, तुम्ही उरलात!"

मोठी माणसंही बोटं मोजायला लागली. साहेब घड्याळ विसरून खांबाकडे बघत होते. आणि त्या गलक्यात, गादीच्या कडेला, एक बारीक आवाज आला.

"दोन तृतीयांश."

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"कोण बोललं?" सरांनी विचारलं. मान वळवता येत नव्हती.

"मी," शिंप्याची धाकटी म्हणाली. ती अंगठ्याकडे बघत नव्हती, वर सरांकडे बघत होती. "तीनातला एक आलात. दोन राहिलेत. दोन तृतीयांश. घाबरू नका सर, सावकाश या."

"शाब्बास!" सर ओरडले आणि त्यांनी टाळी वाजवली.

टाळीला दोन हात लागतात, हे सरांना ठाऊक होतं. खांबालाही दोन लागतात, हेही ठाऊक होतं. ही दोन उदाहरणं एकत्र करायची राहून गेली. उरलेलं दोन तृतीयांश अंतर सरांनी पहिल्या एक तृतीयांशापेक्षा पुष्कळच कमी वेळात कापलं.

गादी जाड होती म्हणून निभावलं. काकूंनी घोटा दाबून पाहिला, "मुरगळलाय, मोडला नाही," म्हणाल्या आणि लगेच पट्टी बांधायला घेतली. पट्टी त्यांनी घरूनच आणली होती. नवऱ्यावर किती विश्वास ठेवायचा याचा त्यांचा अंदाज जुना होता. मॅडमनी आधी खांब तपासला, मग सरांची चौकशी केली. शिंपी मुलीजवळ गेला आणि हलकेच विचारलं, "कोणी सांगितलं तुला ते?"

"दिसत होतं की," धाकटी म्हणाली. "सर तिथे लटकले होते ना."

शिंप्याने वर पाहिलं, पहिल्या जोडाकडे, मग दुसऱ्याकडे. गळ्यातली टेप काढली, घडी करून खिशात ठेवली आणि एकटाच दुकानात गेला.

"साहेब," गादीवर बसल्या बसल्या सरांनी विचारलं, "याला उतरणं म्हणायचं की पडणं?"

"शेवटच्या भागाला पडणं म्हणतात," साहेब म्हणाले. "विचार करून कळवतो."

त्यांनी फार विचार केला असणार, कारण दाखला महिन्याच्या अगदी शेवटच्या दिवशी आला. वरचं दालन वर्गासाठी मंजूर होतं. सर्व विद्यार्थ्यांना दुसरा मार्ग उत्तम वापरता येतो, असा शेरा होता. आणि खाली एक ओळ: शिक्षकांना मात्र तो वापरता येत नसल्यामुळे त्यांनी वरच्या मजल्यावर बसू नये.

"म्हणजे वर्ग मिळाला," काकू म्हणाल्या, "फक्त तुम्हाला नाही."

सरांना राग आला, तो त्यांनी गिळला. मग ते बराच वेळ हसत बसले. हसता हसता घोटा दुखला, तरी थांबले नाहीत.

आता संध्याकाळी मध्यवस्तीतून गेलात तर लाल कमानीतून आत डोकावून बघा. मधोमध खुर्चीवर सर बसलेले असतात, पट्टीतला पाय स्टुलावर. हे स्टूल शिंप्याने पाठवलं. फळा समोर जमिनीवर आडवा ठेवलेला असतो आणि सर काठीला खडू बांधून त्यावर लिहितात. वर भोकाभोवती, कठड्याच्या गजांमधून, मुलांची डोकी गोल लागलेली असतात, आणि फळा त्यांना जितका स्वच्छ दिसतो तितका जिन्यात कधी दिसला नव्हता.

पहिल्या दिवशी सरांनी प्रश्न घातला आणि सवयीने म्हणाले, "उत्तर येतं त्याने हात वर करा." वर बारा-पंधरा हात झाले असतील, पण सरांना खालून नुसते तळवे दिसले, कोणाचा कोणता ते कळेना.

"असं करू," ते म्हणाले. "ज्याला उत्तर येतं, त्याने खाली यावं."

फाटक उघडल्याचा आवाज झाला आणि सुर्रकन कोणीतरी गादीवर येऊन उभं राहिलं. शिंप्याची धाकटी. केस विस्कटलेले, गाल लाल.

"वा!" सर म्हणाले. "सांग, काय आलं उत्तर?"

"उत्तर अजून यायचंय, सर," ती म्हणाली. "मी पुढे आले."